पुदिन्याचे दोन वाफे

मुदतीच्या तापातून मी वाचले, पण नाकाला वास येईनासा झाला. घरात कुणाला सांगितलं नाही. लग्नाला दोनच वर्षं झाली होती. सुनेत खोट निघाली असं कुणी म्हणू नये, एवढीच भीती.

म्हसावदला आमच्या विहिरीच्या पाटाशी माझे पुदिन्याचे दोन वाफे होते. इंग्रजी अमलातली ती शेवटची वर्षं. शेतकी खात्याच्या माणसानं यजमानांना उसासाठी पांढरं विलायती खत दिलं होतं. दिसायला मिठासारखं. त्यातलं ओंजळभर मी एका वाफ्यात टाकलं. दुसऱ्यात नेहमीचं बकऱ्यांचं लेंडीखत. पंधरा दिवसांत पहिला वाफा गर्द हिरवा, रुंद पानांचा झाला. बाजारात त्याच्याच जुड्या आधी खपल्या.

पुढच्या बाजारी मारवाडी दुकानदाराची म्हातारी आई माझ्यापाशी आली. इथं आयुष्य गेल्यानं ती आमचीच बोली बोलायची.

"तुना पुदिनानी चटणी वाटी, पन वासच नही. चारा खादासारखं लागनं."

मी जुडी नाकाशी धरली. काय कळणार? तिला दुसरी जुडी दिली आणि घरी आले.

थोरली जाऊ परसात भांडी घासत होती. मी तिच्याशेजारी बसले. "बाई, माले वास येत नही. तापपाईन."

तिचा हात थांबला. "आनि तू आतेलोंग सांगं नही?"

रागावली नाही. हात धुतले आणि माझ्याबरोबर वाफ्यावर आली. दोन्हीकडची पानं चुरगळून हुंगली. लेंडीखताच्या पानाचा वास थेट डोक्यापर्यंत चढतो म्हणाली, आणि विलायती खताचं नुसतं पाणचट. मग दोन्ही पानं माझ्या हातावर ठेवली. "चावी देख. जिभले गार लागस का?"

एक चावलं, काहीच नाही. दुसरं चावलं तर गारवा थेट टाळूपर्यंत गेला. तापानंतर तोंडाला चव अशी पहिल्यांदाच कळली. मला रडू आलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढं पांढरं खत मी पार सोडलं नाही. कापणी झाली की चिमूटभर टाकायची, फूट लवकर येते म्हणून. बाकी पोषण लेंडीखतावर. पाणीही बेतानं. नव्या जुड्या घेऊन मी म्हातारीच्या दारात गेले. तिनं एक पान तोंडात टाकलं आणि दोन जुड्या ठेवून घेतल्या.

वास कधी परत आला नाही. पण दर बाजारी आम्ही दोघी जावा पाटाशी बसून जुड्या बांधायचो. ती हुंगायची, मी चावायची, आणि दोघींचं जुळलं तरच जुडी पाटीत जायची.