दोन डोळ्यांचे महाराज

चित्रातल्या माणसाचे दोन्ही डोळे दिसलेच पाहिजेत, यावर महाराजकाकू अडून बसायच्या. ऐंशीच्या दशकात शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागे, त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. साठीत त्यांनी लायब्ररीतला चित्रकलेचा वर्ग धरला. तिथे रंगवायला मिळाला इंग्लंडचा एक जुना लढवय्या राजा. पुस्तकात तो सदानकदा एका बाजूने दिसायचा. काकूंनी त्याला सरळ समोर वळवला. "ज्याच्याशी बोलायचं, तो भिंतीकडे बघत बसला तर कसं चालेल?"

आणि त्या खरंच बोलायच्या. "महाराज, हनुवटी वर." म्हणून तर त्या आमच्या महाराजकाकू. तरी वर्गाच्या बाईंनी सहा महाराज नापास केले आणि ते सोफ्यामागे जाऊन बसले. सातवाही परत आला तर ब्रश कायमचे ठेवून देणार, असं काकूंनी मला सांगून टाकलं होतं.

वर्गाच्या प्रदर्शनाच्या सकाळी सातव्या महाराजांना गाडीपर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे आलं. अमेरिकेत येऊन मला सहा महिने झाले होते, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. आमच्याकडे नव्या व्हॅक्यूम क्लीनरलाही कुंकू लागायचं. मग महाराज कोरड्या कपाळाने कसे जाणार? लावलं. रंग ओला आहे हे बोट टेकल्यावर कळलं. घाईने पदराने पुसलं, तर कुंकू ओघळत गालावर जाऊन बसलं.

काकूंनी पाहिलं. "अगं, आठवडाभर वाळत नाही तो रंग," एवढंच म्हणाल्या. आणि महाराजांना तसेच गाडीत ठेवलं.

लायब्ररीत बाई चित्रासमोर बराच वेळ उभ्या. मी माझ्या चपला न्याहाळत होते. मग त्या म्हणाल्या, या राजाच्या गालात कोवळ्या वयात बाण घुसला होता. म्हणूनच कदाचित चित्रकार त्याला बाजूने काढत. सगळ्यांनी झाकलेली जखम तुम्ही दाखवलीत.

काकूंनी गंभीरपणे मान हलवली. "यस. आय नो हिम व्हेरी वेल."

प्रदर्शनात महाराज थेट दरवाज्यासमोर लागले.

पुढे प्रत्येक नवा राजा झाला की काकू करंडा घेऊन खाली यायच्या. "चल गं, जखम करायला ये." मुलाकडे दूर हर्नडन गावी कायमच्या गेल्या, तेव्हा सातवे महाराज मला देऊन गेल्या. परत भेट झाली नाही.

आता ते माझ्या हॉलमध्ये आहेत. नातवंडं विचारतात, "आजी, हू हर्ट हिम?"

"मी," मी सांगते. एकाचाही विश्वास बसत नाही.