सतराव्या भागाचे साडेआठ

मॉडरेटर काकांनी मला फसवलं. त्यांचा मुलगा विलास त्यात सामील होता. फसवणूक एका टीव्ही मालिकेच्या एका भागाला दिलेल्या गुणांची आहे, हे ऐकून कुणाला हसू आलं तर येऊ दे. मी पंचवीस वर्षं भाईंदर पूर्वेला जुने टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन घेतोय आणि विकतोय. समोरच्याला मशीनपेक्षा आधी ओळखतो. तरी फसलो.

काकांना भेटलेल्या प्रत्येक गोष्टीला गुण मिळायचे. पुऱ्या दहापैकी. दहा मात्र कुणालाच नाहीत. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि दर उन्हाळ्यात दहावीचे पेपर तपासले, पुढे तपासलेले पेपर पुन्हा तपासणारे मॉडरेटर झाले. गिरगावची खोली सोडून भाईंदरला फ्लॅट घेतला तेव्हा पाटीवरही नावाखाली तेच लिहिलं. शेजारच्या गुजराती काकूंनी ढोकळा पाठवला की रिकाम्या डब्यात चिठ्ठी जायची, ‘साडेसहा. मीठ कमी.’ काकू जिन्यात गाठून म्हणायच्या, “अंकल, सात तो कर दो, मेहमान आने वाले हैं.” काका म्हणायचे, “मेहमान को थोडी मार्क दिया है.” एकदा मी त्यांना सुके बोंबील घ्यायला उत्तनला नेलं. त्यांनी एक बोंबील उचलून वास घेतला आणि “पाच” म्हणाले. कोळीण म्हणाली, “पाच काय? पाच किलो?” मी म्हटलं, “मावशी, मार्क देतायत.” ती म्हणाली, “मार्क न्हाय पायजे बाबा, घ्यायचं हाय तर घे.” काकांनी तिच्या उत्तराला आठ दिले.

आमची ओळख एका बंद पडलेल्या व्हीसीआरमुळे झाली. काका तो पिशवीत घालून दुकानात आले. सोबत तेरा कॅसेटी. ‘यान क्रमांक नऊ’ नावाची सव्वीस भागांची मालिका, घरात एकच चॅनेल दिसायचं त्या काळातली. सहा माणसं आणि एक यंत्रमानव अंतराळात निघतात आणि परतीचा रस्ता चुकतात. काकांनी ती स्वतः रेकॉर्ड केली होती, जाहिराती आल्या की बटण दाबून गाळल्या होत्या. मी म्हटलं, व्हीसीआर विसरा, सगळं पेनड्राइव्हवर घालून देतो, आणि एक भाव सांगितला. त्यांनी तो मुकाट दिला. भाव न करता पैसे देणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. म्हणून रविवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन मी स्वतःच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पहिला भाग लावला, मला बसवलं, आणि पुढची तीन वर्षं मी एक रविवार आड अकरा वाजता तिथे बसलो.

पद्धत ठरलेली होती. चालू असताना बोलायचं नाही. संपला की दोघांनी वेगवेगळ्या कागदावर गुण लिहायचे. कथेला चार, विज्ञानाला तीन, अभिनयाला दोन, मांडणीला एक. गुण चहाच्या आधी. “चहा प्यायला की अर्धा गुण वाढतो,” काका म्हणायचे, “परीक्षकाला आधी चहा देणारी शाळा मी ओळखायचो.” मग त्यांची लांबडी वही निघायची. मागच्या फेरीतल्या गुणांवर खाकी कागदाची पट्टी चिकटवलेली असायची, कारण पुन्हा तपासणाऱ्याला आधीच्याचे गुण दिसता कामा नयेत. आधीचा तपासणारा ते स्वतःच होते, तरी पट्टी होती. सव्वीस भाग संपल्यावर पट्ट्या सोडवायच्या आणि दोन्ही रकाने ताडून पाहायचे. मग मालिका पुन्हा पहिल्यापासून.

विज्ञानात ते निर्दय होते. अंतराळात स्फोटाचा आवाज आला, एक गुण गेला. ग्रहावर उतरल्यावर माणसं धपाधप चालली, अर्धा गेला. मांडणीचा एक गुण मात्र माझ्या हातात होता, कारण मला सेटमधलं सगळं सामान ओळखू यायचं. यानाचं कंट्रोल पॅनल म्हणजे जुन्या व्होल्टेज स्टॅबिलायझरची पुढची पट्टी. हवाबंद दरवाज्याला फ्रिजचं हँडल. यंत्रमानवाचं धड म्हणजे पंधरा लिटरचा गीझर, खालचं पाण्याचं भोकसुद्धा बुजवलेलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, “तीस वर्षं मी यात विज्ञान शोधत होतो, तू गीझर शोधलास. याला दोन जादा गुण.” लगेच खोडले. “जादा गुण द्यायची सोय नाही.”

गुणांवरून मी घासाघीस करायचो, ती माझी सवयच आहे. “काका, साडेपाच काय, साडेसात करा.”

“भाजी घेतोस का?”

“बरं, सात. शेवटचं.”

“मुद्दा लेखी दे.”

मी लेखी द्यायचो. ते वाचायचे, शुद्धलेखनाला लाल पेनाने खुणा करायचे आणि साडेपाच तसेच ठेवायचे. मी तावातावाने उठून जिना उतरायचो. दोनदा तर दरवाजा आपटून गेलो. पुढच्या खेपेला अकराला बेल वाजवली की ते दार उघडून एवढंच म्हणायचे, “आज भाग बारावा.”

यातली खरी लढाई सतराव्या भागाची. त्या भागात कुणी बोलत नाही. माणसं गोठवून झोपवलेली, यंत्रमानव एकटा जागा. बावीस मिनिटं तो फक्त यान पुसतो, दिवे तपासतो, सहा ताटं मांडतो आणि तशीच उचलून ठेवतो. संगीतही नाही, मोटारीची एकसारखी घरघर. काकांनी त्याला चार दिले होते. “यात काही घडत नाही. पान भरलंय, उत्तर नाही.” मी नऊ दिले. कारण सांगितलं नाही. गावाहून आलो तेव्हा सहा महिने मी काशीगावजवळच्या एका बंद गोदामात राखणीला होतो. चौदा फ्रिज होते, एकही चालू नव्हता. मी रोज ते पुसायचो. याचा मुद्दा लेखी कसा देणार?

दुसऱ्या फेरीतही चारच. मला खरंच राग आला. म्हटलं, “तुमच्यासारख्यांनीच आमची वाट लावली. विज्ञानात एकतीस होते मला. चार गुण कुणी कापले? कापणारा चहा पीत बसला असेल.”

काकांनी पेनाला टोपण लावलं. दहावी नापास आहे हे मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. काका म्हणाले, “कुणी कापले ते मी सांगू शकत नाही, दिलीप. पण पेपर बघून कापले असतील. न बघता गुण द्यायचे नाहीत आणि कापायचेही नाहीत. एवढं एक आमच्याकडे होतं.” मग एक हकीकत सांगितली. त्यांच्या हाताखालच्या एका परीक्षकाने मुलांच्या पुरवण्या न उघडताच सरासरी गुण देऊन टाकले होते. सुतळीची गाठ तशीच होती, तिच्यावरून काकांनी ओळखलं. तो काकांचा वर्गमित्र होता. मुलीचं लग्न तोंडावर होतं, पाया पडला. काकांनी तरी वर कळवलं. “त्याने गुण वाढवूनच दिले होते,” काका म्हणाले, “पोरांचं नुकसान काहीच नव्हतं. पण पोराला काय सांगणार? की तुझं वाचलंच नाही?”

त्या दिवसानंतर माझ्या एकतीस गुणांचा राग थोडा बसला. कुणीतरी वाचून नापास केलं, ही गोष्ट मला चालण्यासारखी वाटली.

तिसऱ्या फेरीत काका नरमले. साडेपाचाचे सहा करू लागले, कधी नुसत्या तोंडी मुद्द्यावर. मला वाटलं, आता माणूस वळला. दोन वर्षं घासली की कुणीही वळतो. आवाज वाढव म्हणायचे, मी वाढवायचो. “वही तूच लिही, माझं अक्षर बिघडलंय,” म्हणाले, मी लिहू लागलो. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवताना एकदा पडला, मी फडकं आणलं. दुकानात टीव्ही आला की पडद्यावरच्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग बघून मी ट्यूब किती दिवस चालेल ते सांगतो. माझ्या शेजारच्या खुर्चीतलं काही मी बघितलं नाही. मी जिंकत होतो.

मग सतरावा भाग आला. विलास त्या रविवारी ठाण्याहून आला होता, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता. माझं लक्ष पडद्यावर. भाग संपला. मी नऊ लिहिले आणि भांडायच्या तयारीने काकांचा कागद ओढला. साडेआठ. अंक एकमेकांवर चढलेले, पण साडेआठ.

“काका, चार होते.”

“तुझं बरोबर होतं. मी आधी घाईत तपासला होता.”

त्या दिवशी चहा न पिता उठलो, दुकान उघडलं नाही, बायकोला घेऊन जेवायला बाहेर गेलो. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पास झालो.

एकविसाव्या भागानंतर विलास त्यांना ठाण्याला घेऊन गेला. जाताना काकांनी वही माझ्याकडे दिली. अडीच महिन्यांत गेले. तेराव्याला मी गेलो. विलास पानावर वाढत होता. सहज म्हणाला, “शेवटी शेवटी फार हाल झाले. डोळे तर वर्षापूर्वीच गेले होते ना.”

मी विचारलं, “कोणाचे?”

“बाबांचे. तुम्हाला माहीत नव्हतं? मधलं काहीच दिसायचं नाही. समोर बघितलं की मधोमध काळा डाग. कडेकडेचं तेवढं दिसायचं. दिलीपला सांगू नको म्हणाले होते, तो रविवारचं यायचं बंद करेल.”

राग यायला हवा होता. मी पानात वाढलेलं सगळं खाल्लं, हात धुतले, स्टेशनवर येऊन बसलो. राग अजून आलेला नाही. गिऱ्हाइकं भाव सांगतात, मी हो म्हणतो. परवा एकाने विचारलं, शेठ, तब्येत बरी आहे ना?

बायको म्हणते, तीनदा बघितलेला भाग, आठवणीवरून दिले असतील. पण आठवणीवरून तपासणं त्यांच्यात बसत नव्हतं. ती म्हणते, मग मायेने दिले असतील. असतील. तेच मला नको आहे. जो माणूस वर्गमित्राच्या पाया पडण्याला भुलला नाही, त्याने माझ्या सहा महिन्यांच्या गोदामाला, न बघता, साडेआठ देऊन टाकले? मी आयुष्यात फुकट काही घेतलेलं नाही.

पण एक गोष्ट उरते. आमच्या गल्लीत चष्म्याचं दुकान आहे. तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, असे पेशंट समोरची वस्तू बघायला मान बाजूला वळवतात. वस्तू डोळ्याच्या कडेला आणली की थोडीफार दिसते. काकांची खुर्ची माझ्या उजव्या हाताला असायची, टीव्ही समोर. म्हणजे त्यांचं तोंड सरळ टीव्हीकडे असेल, तर त्यांना काळ्या डागाशिवाय काही दिसलं नाही आणि गुण खोटे. तोंड माझ्याकडे वळलेलं असेल, तर यंत्रमानव त्यांच्या डोळ्याच्या कडेला होता. ताटं मांडताना दिसला असेल. मग गुण खरे. मला माहीत नाही, कारण बावीस मिनिटं मी एकदाही वळून बघितलं नाही.

विलास, तू बघत होतास. मी तुला तीनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणालास, आठवत नाही. दुसऱ्यांदा म्हणालास, दिलीपभाऊ, आता काय त्याचं. तिसऱ्यांदा उचलला नाहीस. वर्षभर तू मला अंधारात ठेवलंस, त्याचं मी काही विचारत नाही. एवढंच विचारतो, आणि याचं उत्तर तुला द्यावं लागेल. त्या रविवारी तू स्वयंपाकघराच्या दारात उभा होतास. तुझ्या वडिलांचं तोंड कुठे होतं? टीव्हीकडे की माझ्याकडे?