पोळ्याच्या दिवशीचं शून्य

घुंगरांचा आवाज आधी येतो, बैल मागून दिसतात. श्रावण सरताना ओल्या मातीचा, शेणाचा, शिंगांना लावलेल्या ताज्या रंगाचा आणि कुठल्याशा चुलीवर शिजणाऱ्या पुरणाचा असा एक संमिश्र परिमळ हवेत तरंगत असतो, आणि त्यातून वाट काढीत तो मंजुळ, किंचित बेताल नाद यवतमाळातल्या आमच्या वस्तीमागच्या मैदानाकडे सरकत येतो. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली झुली पांघरलेले, बेगड लावलेले बैल रांगेनं उभे राहतात. वर्षभर मानेवर जू वाहणाऱ्या त्या मुक्या जीवांचा हा एक दिवस! लहानपणापासून हा नाद कानी पडला की माझं मन निरभ्र व्हायचं. यंदापासून मात्र तो ऐकला की माझी मान खाली जाते.

आणि तीही संगणकातल्या एका चुकीपायी. बैलांचा आणि संगणकाचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. आहे, सांगते. मी इथल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि दर शनिवारी विद्यार्थ्यांना शास्त्रीय कामासाठी प्रोग्रॅम कसे लिहावेत याच्या चार युक्तीच्या गोष्टी सांगते. सांगते कसली, ठणकावते! मूळ नोंदींच्या फाइलला हात लावू नका; तिची प्रत काढा आणि काय ते प्रयोग प्रतीवर करा. फाइलींना ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’, ‘खरंच अंतिम’ असली नावं देऊ नका. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन फुकट मिळतं, ते वापरा, म्हणजे कुठली ओळ कोणी, कधी आणि का लिहिली हे लपत नाही. प्रोग्रॅम लहान लहान तुकड्यांत लिहा आणि ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं एखादं सोपं उदाहरण प्रत्येक तुकड्याला घालून पाहा. आणि सगळ्यात आधी, आकडेमोडीला बसण्यापूर्वी, नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. हे शेवटचं वाक्य उच्चारताना माझा आवाज असा काही चढतो की मागच्या बाकावर पेंगणारी मंडळीसुद्धा दचकून ताठ बसतात. उपदेश करण्यात केवढं सुख असतं, नाही?

नसरीन ही त्याच वर्गातली माझी विद्यार्थिनी, दिग्रसची. तिचे अब्बू तिथल्या कापसाच्या जिनिंगमधल्या मोटारी दुरुस्त करतात. पोळ्याला पाऊस दम धरतो आणि मग एकदम कोसळतो, असं तिनं गावाकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. ते खरं की नुसतं बोलणं, हे आकड्यांनी तपासायचं तिच्या मनानं घेतलं. फुलसावंगीपासून वणीपर्यंत कितीतरी गावांत पर्जन्यमापकं आहेत. कुणी गुरुजी, कुणी दुकानदार रोज सकाळी त्यातलं पाणी मोजतात, आकडा फोनवरून कळवतात आणि पाणी ओतून देतात. त्या सगळ्या नोंदी आमच्याकडे जमा होत्या. नसरीननं तारखा बाजूला ठेवून दिवस तिथीप्रमाणे लावले, आणि काय आश्चर्य! दरवर्षी पोळ्याला पाऊस शून्य, दुसऱ्या दिवशी मुलांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्यालाही शून्य, आणि त्याच्या पुढच्या दिवशी धो धो! तो आलेख पाहून मी पोरीला मिठीच मारली. नागपूरच्या परिषदेत तिचा निबंध स्वीकारला गेला. बाहेरगावच्या एका मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कळवलं, की हे परिषदेत नीट मांड, मग संशोधनासाठी तुला आमच्याकडे घेण्याचं पाहतो. दिग्रसच्या तिच्या गल्लीत पेढे वाटले गेले. ढगांना पंचांग कुठे वाचता येतं, एवढी साधी शंका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेला येऊ नये?

यंदाच्या पोळ्याला मी नेहमीसारखी मैदानात उभी होते. आदल्या रात्री पावसानं चांगलंच झोडपलं होतं आणि बैलांचे खूर चिखलात रुतत होते. शेजारचे वामनकाका आपल्या बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत सहज म्हणाले, “काहो मॅडम, रातच्यानं किती पाणी आलं म्हनता?” कॉलेजच्या आवारातलं पर्जन्यमापक माझ्याकडे आहे, हे त्यांना ठाऊक. मी हसत म्हणाले, “अहो काका, आज सणाचं कुठलं मोजणं! उद्या तान्हा पोळा, परवा मोजू एकदमच.” शब्द तोंडातून गेले मात्र, आणि माझे मलाच ऐकू आले. काका “बरोबर हाय” म्हणून पुढे सरकले. मी होते तिथेच थिजले. मी मोजलं नाही, तर फुलसावंगीच्या गुरुजींनी तरी कशाला मोजलं असेल? घरात पुरण शिजतंय, दारात बैल सजतोय, अशा वेळी त्या पत्र्याच्या भांड्याकडे फिरकणार कोण? दोन दिवसांचं पाणी त्यात मुकाट साठत जाणार आणि नंतर एकाच दिवसाच्या नावावर लिहिलं जाणार!

घरी येऊन, चपला काढायचंही भान नव्हतं, मी मूळ फाइल उघडली. जिल्हाभरच्या गावांसमोर त्या दोन दिवसांचे चौकोन रिकामे होते. शून्य नव्हतं तिथे, काहीच नव्हतं. शून्य भरलं होतं ते मी! रिकामी जागा आली की प्रोग्रॅम अडखळतो, म्हणून तिथे गुपचूप शून्य टाकून पुढे जाणारं एक इवलंसं फंक्शन मीच कधीतरी चहा निवायच्या आत खरडलं होतं, आणि ‘हे तयार आहे, वापर बिनधास्त’ म्हणून नसरीनच्या हाती ठेवलं होतं. पाऊस न पडणं आणि पाऊस न मोजला जाणं यांत केवढं अंतर! कोरड्या भांड्यात एक उत्तर असतं, पण न उघडलेल्या भांड्यात काय असेल हे कोणी सांगावं? खोटं कशाला बोलू, त्या क्षणी सत्याची ओढ वगैरे काही वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की हे कोणाला कळणार आहे? परिषद तोंडावर आलेली, पोरीचं पुढचं सगळं त्या आलेखावर टेकलेलं, आणि त्या शून्याखाली काय दडलंय हे जगात मला एकटीला ठाऊक. तान्ह्या पोळ्याचा अख्खा दिवस मी हा विचार उराशी कवटाळून बसले. त्याचीच मला सर्वाधिक लाज वाटते, चुकीपेक्षाही.

शेवटी एसटीनं दिग्रस गाठलं. दार नसरीनच्या अब्बूंनी उघडलं. “अरे मॅडम! तुम्ही कायले तरास घेतला? फोन लावाचा ना!” ते म्हणाले, आणि माझं ऐकून घेण्याआधीच आतून नवा शिवलेला शर्ट घेऊन आले. “मी बी येऊन राह्यलो नागपूरले. पोरीचं भाषण ऐकाले.” धरणी दुभंगावी असं आपण नुसतं म्हणत असतो, मला तो शर्ट पाहताना ते खरोखर वाटलं. नसरीन पाणी घेऊन आली. मी पेला हातात धरूनच सगळं सांगून टाकलं. तिनं लॅपटॉप काढला, रिकाम्या चौकोनांवरून हळूहळू बोट फिरवलं आणि म्हणाली, “म्हंजे मॅडम, आपण पाऊस नाही, सुट्टी मोजली?” हसली ती. ते हसू अर्ध्यावर फुटलं आणि तिनं ओढणीनं डोळे टिपले. चूक माझी आहे, ते फंक्शन माझं आहे, मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यावर ती म्हणाली, “पण डोळ्यानं मीबी कुठं पाह्यलं? तुम्ही तर दर शनिवारी सांगत होत्या.” त्यात टोमणा अजिबात नव्हता, आणि म्हणूनच ते फार लागलं. अब्बू शर्टाची घडी पुन्हा नीट करत होते.

ती नागपूरला गेली आणि सरळ तेच सांगून आली, की आलेख कसा दिसला, का दिसला आणि नोंदी दुरुस्त केल्यावर पोळ्याच्या त्या तीन दिवसांचा मिळून पाऊस इतर कुठल्याही तीन दिवसांसारखाच कसा निघाला. अब्बू तो शर्ट घालून पुढच्या रांगेत बसले होते. टाळ्या पडल्या. पण आठवड्यानं संस्थेचं उत्तर आलं, यंदा जमणार नाही. मी तिला फोन केला तर उलट मलाच धीर देत म्हणाली, “पुढच्या साली पाहू, मॅडम. पोळा काय पळून चालला?”

फोन ठेवून मी तिनं प्रोग्रॅममध्ये केलेली दुरुस्ती उघडून पाहिली. रिकामा दिवस आता रिकामाच राहत होता, साठून आलेल्या पाण्याला वेगळी खूण होती, आणि तपासणीच्या उदाहरणाला तिनं नाव दिलं होतं ‘पोळा’. सोबत, बदलाच्या नोंदीत, एक ओळ होती: ‘आम्ही दोघींनी न मोजलेल्या दिवसांना कोरडं समजलं होतं. दुरुस्त केलं.’ दोघींनी! त्या फंक्शनच्या ओळीओळीपुढे संगणक माझं एकटीचं नाव दाखवत असताना ही पोर दोघींनी म्हणते! मी तो शब्द बदलायला सरसावले आणि थांबले. एकदा सगळ्यांच्या हाती दिलेली नोंद मागाहून बदलायची नाही, हाही माझाच शनिवारचा नियम. तो शब्द तसाच आहे. मी तो मिळवलेला नाही, आणि आता मला तो परतही करता येत नाही.

आज दसरा, सुट्टी. सकाळीच कॉलेजच्या ओस आवारात गेले. रस्त्यावरून एक बैलगाडी चालली होती, तोच तो घुंगरांचा नाद. पर्जन्यमापकाचं वरचं नरसाळं काढून वाकून पाहिलं. भांड्याचा तळ लख्ख कोरडा होता. शून्य लिहिलं आणि नसरीनलाही कळवलं. लगेच तिचा मेसेज आला, “पाहून लिवलं ना, मॅडम?” हो गं, पाहून लिहिलं.