उन्हानं हुसकावलेला माणूस

गिऱ्हाईक आलं की आमचे इस्त्रीवाले दादा आधी स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण चाचपायचे, मग विचारायचे, "कापडं कुणाची?" सोलापूरचा मे महिना, हातात कोळशाची इस्त्री आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर जाकीट. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. कारण विचारलं नसेल.

आमच्या गल्लीला कारण ठाऊक होतं. दादा मंगळवेढ्याकडच्या एका घरात मुलगी म्हणून जन्मले होते. अक्कलकोटच्या वहिनींसोबत त्यांनी इथे संसार मांडला. समोरचा पानवाला हटकायचा, "काय रं, बाई का बुवा?" इस्त्री न थांबवता दादा म्हणायचे, "तुजा लेंगा जाळू का, तेवडं सांग की." पानवालाच जास्त हसायचा.

वाढत्या उन्हाविरुद्ध आम्ही पोरं मोर्चे काढायचो, त्यांचे कापडी फलकही दादाच कडक करून द्यायचे. 'पृथ्वी तापते आहे' हे वाचून म्हणाले, "ह्ये कळाया मोर्चा कशाला? हितं माज्या जागी हुबा ऱ्हा."

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते टेबलाशेजारीच कोसळले. 'ऊन लागलेल्याचे कपडे सैल करा' असं आमच्या मोर्चाच्या पत्रकात मीच लिहिलं होतं. मी बटणाकडे हात नेला, तोच वहिनी धावत आल्या. "शर्टाला हात नको. आत घ्या त्यांना." मला पाणी ओतायला ठेवून त्यांनी बाकीच्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि छातीभोवती आवळून बांधलेला चादरीचा पट्टा कात्रीनं कापला. खालची कातडी सोललेली होती. मला बघवेना.

शुद्धीवर येताच दादांनी विचारलं, "कुणी बगितलं?"

डॉक्टरांनी बजावलं, उन्हाळ्यात पट्टा बांधलात तर जीव जाईल.

"सोडला तर टेबलामागं मी नसतो," दादा म्हणाले. "दुसरंच कोनतरी असतंय."

म्हणून बिऱ्हाड बेळगावला हलवायचं ठरलं. तिथली हवा गार, शिवाय वहिनींना कानडी येते. ऐकून मी हादरलो. मी पत्रकांवर वाढलेला. माणसाला गावातून हुसकावतात ती माणसंच, एवढंच शिकलो होतो. तावातावानं म्हणालो, "दादा, कोण काय बोललं सांगा. त्याच्या दारात मोर्चा नेतो."

"लोकान्ला पुरून उरलो की, पोरा. उनाच्या दारात कसा न्हेशील?"

टेबल टेम्पोत चढवायला पानवालाच पुढे आला. खाली उतरून त्यानंच दोरी बांधली. सकाळचंच ऊन, तरी चटके बसत होते. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत वहिनी दादांच्या डोक्यावर ओला पंचा धरून बसल्या होत्या.