मावशीचा वजनकाटा

माझी मावशी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचा आवाज असा की बाळं रडायची थांबतात आणि बाळांचे बाप खुर्चीतून उठून उभे राहतात!

त्या दिवशी बाळांची वजनं चालू होती. मी घराच्या किल्ल्या द्यायला गेले तर खोली खच्चून भरलेली. काट्यावर चार महिन्यांचा एक गोळा, उघडाबंब, हातपाय झाडत पडलेला. त्याची आई काट्याकडे बघतच नव्हती. सासू मात्र वाकून वाकून बघत होती.

"वाढलंच नाही! मागच्या महिन्यात होतं तेवढंच!" सासू अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी कधीची सांगतेय, हिचं दूध पुरत नाही. आता बास. आजपासून डब्याचं."

ती पोरगी, माझ्याच वयाची असेल, डोळे पुसत बाळाला उचलायला लागली. मला असला संताप आला ना!

मावशीने बाळाची मांडी चिमटीत धरली. "उपाशी पोराची मांडी अशी असते होय? लंगोट किती भिजवतो?"

"दिवसभर धुणंच चालू असतं," आई पुटपुटली.

मावशीने वहीतली मागच्या महिन्याची नोंद बघितली. "आजी, मागच्या वेळी वजन केलं तेव्हा ह्याच्या अंगात काय होतं?"

"आज काढलं तेच. स्वेटर, टोपी, मोजे, वर ही दुलई. इथल्या खिडकीची काच फुटली होती, पोर गारठलं होतं. तुम्हीच म्हणालात ना सिस्टर, राहू दे, कपडे नंतर वेगळे तोलून वजा करते."

मावशीचा चेहरा पडला. कपड्यांचं वजन वजा करायचंच राहिलं होतं. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पण ती सासूइतक्याच मोठ्याने म्हणाली, "चूक माझी झाली. हिची काही नाही. घाला त्याला सगळं परत."

स्वेटरची बटणं लागेनात. तसाच दुलईत गुंडाळून काट्यावर ठेवला आणि काटा मागच्या वेळेच्या कितीतरी पुढे गेला. बाकीच्या बायका हसायला लागल्या.

"वाढलाय की गुलाम!" सासू म्हणाली.

"मग? हवेवर वाढला का?"

"पण मी डबा आणून ठेवलाय, त्याचं काय करू?"

"तुम्ही प्या चहात घालून. आणि सुनेला पोटभर जेवू घाला."

सासूने तोंड वाकडं केलं. पोरगी भिंतीजवळच्या बाकावर बसली, बाळाला पदराखाली घेतलं. थोड्या वेळाने सासूने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि दुसरीकडेच बघत तिच्यापुढे धरली.