गोड लागलेलं ग्लिसरीन

ग्लिसरीनची बाटली दिसली की आजही तो दिवस आठवतो आणि माझी मलाच चीड येते.

पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती. परभणीच्या एका दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. चार वर्षांची मुलगी, लघवी बंद, विषबाधेचा संशय. "आई म्हणते, ग्लिसरीन दिलं. पण ग्लिसरीनने असं होत नाही. पोटात नेमकं काय गेलंय ते लवकर शोधा, उपचार त्यावरच आहेत." पाठोपाठ झरीच्या बाजूच्या त्या मुलीच्या गावातून एकाने खबर दिली, "साहेब, सावत्र आई हाय. चार दिस झाले, पोरीला काहीतरी पाजायलीय."

झालं. मी त्या बाईला पोरीजवळून उठवून ठाण्यात आणलं. महिला शिपाई सोबत बसवून चौकशी सुरू केली. तिचं एकच, "खोकला होता साहेब. समदेच देतेत तसं मधात ग्लिसरीन दिलं. मला पोरीकडं जाऊ द्या." अशी रडणारी माणसं पुष्कळ पाहिली होती, असा माझा तोरा.

बाटली पंचनामा करून ताब्यात घेतली आणि ती जिथून भरून आणली होती ते गावातलं किराणा दुकान गाठलं. लोक रिकामी बाटली न्यायचे, दुकानदार कॅनमधून ग्लिसरीन भरून द्यायचा. माणूस सरळ होता, तो दुखावला. "गोड लागलं म्हंजी अस्सल. चाखून बघा की." त्याने चाखलं, मीही बोट लावलं. गोडच होतं. माझं समाधान झालं आणि ठाण्यात येऊन मी पुन्हा त्या बाईला दरडावायला लागलो. किती मूर्ख असावं माणसाने.

दुपारी डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अहो, कारखान्यातलं ग्लायकॉलही गोडच असतं. किडनी निकामी करतं. पोटात द्यायचं ग्लिसरीन मेडिकलमधून, सीलबंदच घ्यायचं असतं." तसाच जाऊन कॅन जप्त केला. फाटक्या लेबलवर कारखान्याच्या वापरासाठी असं छापलेलं होतं. दुकानदार ते पुन्हा पुन्हा वाचत राहिला. तेच ग्लायकॉल असल्याचं पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात आलं.

कॅन दवाखान्यात पोचला तोवर पोर गेली होती. आई ठाण्याच्या बाकावर होती. मीच बसवलं होतं. मी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "शेवटाला मला हाक मारली का हो तिनं?" एवढंच विचारलं.

दोनदा मारली होती, नर्सने मला सांगितलं होतं. मी नाही म्हणालो.

त्यानंतर नुसतं नातं ऐकून मी कुणावर संशय घेतला नाही. पण त्या बाईला खरं सांगायला अजून माझे पाय त्या गावाकडे वळत नाहीत.