समजेपर्यंत ऐकवणं

त्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा मला वाटलं, लाइट गेली. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला दुसरं काही वाटणारच नाही. आमच्या घरामागच्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने आहेत. त्यांची खटाखट अष्टौप्रहर चालते, तिच्यावरच आम्ही झोपतो आणि तिच्यावरच उठतो. ती थांबली की समजायचं, लोडशेडिंग सुरू झालं. वीसेक वर्षांपूर्वीचे दिवस ते, लाइट जाण्यात काही नवल नव्हतं. मी कूस बदलली, वर पाहिलं, तर पंखा गरगर फिरत होता.

आठ दिवसांच्या तापातून नुकतीच उठले होते मी. उठताना दोन्ही कान ठेवून आले होते. ठाण्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, नस गेली म्हणाले. मशीन लावून पाहिलं, त्यातून फक्त कल्लोळ आला, शब्द एक नाही. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, मराठी माध्यमाची चौथी शिकवायची. पोरांचं ऐकू येणार नसेल तर बाईंनी वर्गात बसून करायचं काय? दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची रजा मंजूर झाली होती. सुट्टीनंतर एक तर हजर व्हायचं, नाही तर राजीनामा. नोकरीला बावीस वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर वर्गाबाहेर मी कोण आहे हे मला ठाऊक नव्हतं.

घरच्यांनी सुरुवातीला फार केलं. मुलीने माझीच शाळेतली पाटी काढून ठेवली. काही सांगायचं असलं की ती आणि हे पाटीवर लिहीत. पहिल्या आठवड्यात पूर्ण वाक्यं असायची. मग वाक्यांचे शब्द झाले. ‘चहा?’ ‘गोळी?’ ‘दार लाव.’ पुढे पुढे पाटीवर धूळ दिसायला लागली. वाईट कुणीच नव्हतं हो. दोघं जेवताना आपापसात बोलत, कशावर तरी हसत, मी विचारायची, काय झालं? आणि ते म्हणायचे, काही नाही. ओठ वाचायला मी शिकले तो पहिला शब्द हाच, ‘काही नाही’. माझा आवाजही मला कळेनासा झाला होता. मी बोलायला लागले की हे हाताने खुणावत, हळू, हळू. म्हणून मी बोलणंच कमी केलं.

आमच्या घरी दत्ताची उपासना. दर गुरुवारी संध्याकाळी आरती आणि त्यानंतर मी म्हणायची ती दोन पदं, सासूबाईंनी शिकवलेली. कान गेल्यावर पहिल्या गुरुवारी मी उभी राहिले, दोन ओळी म्हटल्या आणि यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की सूर कुठल्या कुठे गेलाय. मी थांबले. त्यानंतर देवघरात नुसती वात लावायची आणि परत फिरायची. एकदा तर चिडून विचारलंसुद्धा, मला ऐकू येत नाही ते येत नाही, तुला तरी येतं का? देवाशी असं बोलू नये, पण बोलले. शिकवायच्या सवयीने तोंड जरा फटकळच आहे माझं.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. भाजी घेऊन मागच्या गल्लीतून येत होते. अचानक दंडाला जोराचा हिसका बसला आणि मी एका ओट्यावर जाऊन आदळले. पिशवीतले टोमॅटो रस्ताभर. मी उभी होते त्या जागेवर कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो येऊन थांबला होता. ड्रायव्हर उतरला, हातवारे करून काहीतरी बोलत होता. चारदोन माणसं जमली, तीही बोलत होती. सगळी तोंडं हलत होती आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी नुसती रडायला लागले.

ज्यांनी मला ओढलं ते सत्तरीचे गृहस्थ होते, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, हातात अजून कोथिंबिरीची काडी. ओट्यावर बसून कोथिंबीर निवडत होते बहुतेक. माझ्या समोर आले, स्वतःच्या कानाला बोट लावून हात हलवला, ऐकू येत नाही का? मी मान हलवली. मग त्यांनी हनुवटी जराशी वर केली आणि ओठ सावकाश, मोठे करून हलवले. हाताचा अंगठा तोंडाकडे नेला.

“पानी लाऊँ?”

मला कळलं. पाटी नाही, खडू नाही, आणि मला कळलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा कुणाच्या तोंडचे शब्द माझ्यापर्यंत आले होते. मी म्हटलं, हो. इतक्या जोरात म्हटलं असणार की जमलेले लोक मागे सरकले. पण त्या गृहस्थांच्या कपाळावर आठीही उमटली नाही.

आतून त्यांच्या पत्नी तांब्या घेऊन आल्या. मला आत नेऊन चटईवर बसवलं. चाचा आणि चाची म्हणू लागले मी त्यांना, नाव कधी विचारावंच लागलं नाही. चाचांनी चाळीस वर्षं लूम चालवले होते, चाचींनी कारखान्यात कांड्यांवर सूत भरलं होतं. लूमच्या कारखान्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, त्यामुळे तिथली माणसं आवाजाने बोलतच नाहीत. ओठ मोठे करून बोलतात आणि जोडीला हात वापरतात. धागा तुटला, कांडी संपली, जेवायला चल, प्रत्येकाची खूण ठरलेली. शेठ येतोय हे सांगायचं तर पोटावरून गोल हात. हे मी जन्मभर मागच्या गल्लीत पाहत आले होते, पण ही एक बोली आहे, आणि एक दिवस तीच माझ्या उपयोगी पडेल, हे कुठे माहीत होतं?

चाचा म्हणाले, रोज दुपारी या, शिकवतो. घरी सांगितलं तर हे जरा घुटमळले, मग स्वतः येऊन चाचांना भेटून गेले. दुसऱ्या दिवसापासून मी चौथीच्या पोरीसारखी त्या चटईवर बसायला लागले. चाचा मास्तर म्हणून कडक होते. माझी नजर इकडेतिकडे गेली किंवा मी मान फिरवून बोलले की चटईवर थाप मारायचे. “चेहरा इधर.” आपणही बोलताना समोरच्याला तोंड दाखवायचं, हा त्यांचा पहिला नियम. एखादा शब्द नाही कळला तर पुन्हा, परत नाही कळला तर वेगळ्या तऱ्हेने, दहादा. मला लाज वाटायची, त्यांना कंटाळा येत नसे. अधूनमधून चाची येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायच्या, आणि चाचा उठून टोपी सारखी करून नमाजाला जायचे. मला तो हात फार आवडायचा. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही केवढी माया आहे, असं मनात यायचं.

एकदा चहा घेताना चाची त्यांच्याकडे पाहून काहीतरी बोलल्या आणि पदराआड हसल्या. मला सवयच झाली होती, मी कपात पाहत बसले. तर चाचांनी थाप मारली आणि त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं ओठांनी सांगितलं, चाची म्हणतायत, बाईंना आलं जास्त झालेलं दिसतं, तोंड बघा कसं केलंय. मला हसू आलं. मी म्हटलं, चाचा, असलं बारीकसारीक सगळं कशाला सांगता मला, राहू द्या. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, राहू द्या कसं? आमच्या नबींनी सांगितलंय, तिघं बसलेले असताना दोघांनीच आपापसात बोलू नये, तिसऱ्याचं मन दुखतं. लोक मोठमोठ्या गोष्टी लक्षात ठेवतात, ही विसरतात. मग आणखी एक सांगितली. दान म्हणजे काही पैसाच नाही. वाटेतला दगड बाजूला करणं हेही दान, आंधळ्याला वाट दाखवणं हेही दान.

“और बहरे को सुनाना, उसकी समझ में आने तक सुनाना, वो भी सदका है, बेटी.”

सदका म्हणजे दान हे मला माहीत होतं. मी आजवर अनेकांना अनेक गोष्टी ऐकवल्या होत्या, पण समजेपर्यंत? कप खाली ठेवून मी पदर डोळ्यांना लावला. अडीच-तीन महिने ज्याला काय म्हणावं हे मला कळत नव्हतं, त्या दुखण्याला कुणीतरी नाव दिलं होतं. मी तिसरी होते, बस, एवढंच. आणि कुणाला तरी त्या तिसऱ्याची काळजी हजार-दीड हजार वर्षांपूर्वी वाटली होती. घरी गेल्यावर रात्रीच्या जेवणाला मी ही गोष्ट यांना आणि मुलीला सांगितली. तक्रार म्हणून नाही, नुसती सांगितली. हे उठून माझ्या समोरच्या बाजूला येऊन बसले आणि ओठ मोठे करून म्हणाले, आज काय झालं सांगू?

दिवाळीनंतर मी शाळेत हजर झाले. हजेरी घेतली, पहिला प्रश्न विचारला आणि दुसऱ्या बाकावरच्या मुलीचं उत्तर मला कळलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. संपलं, मनात म्हटलं, राजीनामा लिहायचा आजच. तेवढ्यात त्या मुलीने हनुवटी वर केली, ओठ सावकाश हलवले आणि हाताने आकडा दाखवला. छत्तीस. बरोबर होतं.

मी विचारलं, कुणी शिकवलं गं हे?

“पप्पा लूमवर हायेत ना, बाई. आमच्या घरी समदी असंच बोलतात.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. याच मुलीला मी जूनमध्ये बाकावर उभी केली होती. तासाला मैत्रिणीशी आवाज न करता ओठ आणि हात हलवून बोलायची म्हणून. तोंडं वेडीवाकडी करतेस, माकड आहेस का, असं भर वर्गात म्हणाले होते. अशी शिक्षा मी बावीस वर्षांत किती जणांना केली असेल देव जाणे. मी तिच्या बाकापाशी गेले आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती लाजली, मग तिनेच बाकीच्यांना दाखवलं, बाईंशी कसं बोलायचं ते. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं लूमवाल्यांची होती. त्यांना शिकावं लागलंच नाही.

त्याच संध्याकाळी पेढे घेऊन मी चाचांकडे धावले. ते मशिदीत गेले होते. चाचींना सगळं सांगितलं, त्यांचे ओठ आता मला चांगले वाचता येत होते. मी म्हटलं, चाचांचे कान म्हणून माझा जीव वाचला, त्यांना टेम्पो ऐकू आला नसता तर मी आज नसते. चाचींनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

“सुना नहीं, बाई. देखा. इनको तो नौ साल से कुछ सुनाई नहीं देता.”

मला एकेक आठवत गेलं. चेहरा इधर. चटईवरची थाप. माझ्या बेसूर, मोठ्या आवाजावर कधीच न उमटलेली आठी. आणि खांद्यावरचा तो हात. अजान झाली की चाची खांद्यावर हात ठेवून त्यांना ती ऐकवत होत्या. मला ऐकवणाऱ्याला स्वतःला कुणीतरी ऐकवत होतं. मी विचारलं, इतक्या दिवसांत सांगितलं का नाही मला? चाची म्हणाल्या, तुम्ही ऐकायला येत होतात. बहिऱ्याकडे ऐकायला कोण येतं?

चाचा आले. माझा चेहरा पाहून त्यांना कळलंच. मी या वेळी आवाज न काढता, ओठांनीच विचारलं, चाचा, मशिदीत काय करता, इमामांचं काहीच कळत नसेल ना? ते हसले. म्हणाले, शेजारचा वाकला की मी वाकतो. मग वर बोट केलं.

“सुनना उसका काम है, बेटी. अपना काम झुकना.”

मी देवघरात चिडून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या ओट्यावर मिळालं. याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते मी ठरवत नाही. दोन बहिरी माणसं असलेल्या गल्लीत एक टेम्पो हॉर्न वाजवत येत होता, आणि त्यातल्या एकाने नेमक्या त्याच क्षणी कोथिंबिरीतून मान वर केली. मान वर करणारे चाचा, करवणारा कोण, हे माझ्या दत्तगुरूंना आणि चाचांच्या मालिकाला ठाऊक.

त्यानंतर चौदा वर्षं मी शिकवलं आणि मानाने निवृत्त झाले. चाचा आता नाहीत. चाचींकडे अजून जाते, त्यांना हल्ली थोडं कमी दिसतं, मग मी बोलते आणि त्या ऐकतात. गुरुवारी संध्याकाळी मी वात लावून उभी राहते. घंटा वाजायला लागली की हे माझ्या खांद्यावर हात ठेवतात. मग मी सासूबाईंची दोन्ही पदं म्हणते, पूर्ण, मोठ्याने. सूर लागतो की नाही, मला माहीत नाही. ते ऐकणं माझं काम नाही.